निर्मात्याच्या खुर्चीतून दिसलेला 'गॉडफादर'

'द ऑफर' ही दहा भागांची अमेरिकन मालिका २८ एप्रिल २०२२ पासून पॅरामाउंट प्लस या ओटीटी वाहिनीवर दाखवण्यात आली. 'द गॉडफादर' प्रदर्शित होऊन त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. ज्या कंपनीने तो चित्रपट काढला, तिच्याच वाहिनीने तो कसकसा निघाला याची गोष्ट सांगायला घेतली. मालिकेची कल्पना मायकेल टोल्किनची, लेखनाची मुख्य धुरा निकी टॉस्कानोकडे आणि पहिल्या दोन भागांचे दिग्दर्शन डेक्स्टर फ्लेचरचे. कथेला आधार मात्र आल्बर्ट रुडी या एका माणसाच्या अनुभवांचा. रुडी मूळ चित्रपटाचा निर्माता होता आणि मालिकेच्या कार्यकारी निर्मात्यांतही त्याचे नाव आहे. 'गॉडफादर' नेमका कोणी घडवला, या प्रश्नावर पन्नास वर्षांत अनेकांनी साक्षी दिल्या आहेत आणि त्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. 'द ऑफर' ही त्यांपैकी एका साक्षीदाराची जबानी आहे.

गाजलेल्या चित्रपटाच्या जन्मवेणांवर नाट्य रचण्याची टीव्हीची हौस जुनी आहे. 'गॉन विथ द विंड'ची नायिका शोधताना निर्माता डेव्हिड सेल्झनिकने जो गोंधळ घातला, त्यावर १९८० मध्येच 'द स्कार्लेट ओ'हारा वॉर' हा टीव्हीपट निघाला होता. 'सिटिझन केन'च्या निर्मितीवर एचबीओने १९९९ मध्ये 'आरकेओ २८१' काढला. ते नाव म्हणजे त्या चित्रपटाला स्टुडिओने दिलेला निर्मितिक्रमांक. 'द बर्ड्स'च्या वेळी हिचकॉक आणि टिपी हेड्रन यांच्यात जे घडले ते 'द गर्ल'मध्ये (२०१२) आले, तर बेट डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांचे वैर 'फ्यूड'मध्ये (२०१७). मराठीत परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने (२००९) दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची धडपड मांडली, पण ती मोठ्या पडद्यावर आणि विनोदाच्या अंगाने. या सगळ्यांत केंद्रस्थानी असतो तो बहुतेक दिग्दर्शक, नट किंवा नटी. निर्मिती सांभाळणाऱ्या, म्हणजे परवानग्या, पैसे आणि माणसे जमवणाऱ्या माणसाकडे दहा भागांची मालिका सोपवणे हे 'द ऑफर'चे वेगळेपण आहे. तिच्या अडचणीही तिथूनच सुरू होतात.

गोष्टीची सुरुवात पॅरामाउंटच्या पडत्या काळात होते. १९६६ मध्ये गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाने पॅरामाउंट विकत घेतली. समूहाचा प्रमुख चार्ल्स ब्लूडॉर्न व्हिएन्नात जन्मलेला, तापट आणि धाडसी व्यापारी होता. गाड्यांच्या सुट्या भागांपासून साखर आणि जस्तापर्यंत त्याचा पसारा होता; सिनेमा त्याला नवा. स्टुडिओची निर्मिती त्याने रॉबर्ट इव्हान्सच्या हाती दिली. इव्हान्स हा पूर्वीचा दुय्यम नट, भावाच्या कपड्यांच्या धंद्यात भागीदार असलेला देखणा तरुण. त्याची नेमणूक झाली तेव्हा हॉलिवूडने नाके मुरडली. पीटर बार्ट हा 'न्यूयॉर्क टाइम्स'चा माजी पत्रकार त्याचा उजवा हात झाला. १९७० च्या अखेरीस 'लव्ह स्टोरी' तुफान चालला आणि स्टुडिओला श्वास घेता आला, पण 'गॉडफादर'चे बरेचसे निर्णय त्याआधीच, हात आखडता घेऊन झाले होते.

कादंबरीकार मारिओ पुझोही तेव्हा अडचणीतच होता. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत वाढलेल्या या लेखकाच्या 'द डार्क अरीना' (१९५५) आणि 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम' (१९६५) या कादंबऱ्यांचे समीक्षकांनी कौतुक केले, पण त्यांतून पैसा आला नाही. त्याच्याच सांगण्यानुसार पंचेचाळिशीला पोचला तेव्हा त्याच्या डोक्यावर २०,००० डॉलरचे कर्ज होते, आणि धनकोंमध्ये नातेवाइकांपासून बँका आणि जुगाराचे बुकी यांच्यापर्यंत सगळे होते. विकली जाईल अशी गोष्ट लिहायची, असे ठरवूनच तो माफियाकडे वळला. एकाही खऱ्या गुंडाला आपण भेटलो नव्हतो, सगळे वाचून लिहिले, असे त्याने नंतर कबूल केले. कादंबरी पूर्ण होण्याआधीच पॅरामाउंटने १२,५०० डॉलर आगाऊ देऊन चित्रपटाचे हक्क राखून ठेवले आणि चित्रपट झालाच तर ८०,००० डॉलर देण्याचे ठरले. हा सौदा कसा झाला याच्या कथा दोन आहेत. बुकींच्या धाकाने घायकुतीला आलेला पुझो चुरगळलेली पाने घेऊन आपल्या कार्यालयात आला, असे इव्हान्सने आत्मचरित्रात रंगवले आहे. पीटर बार्टची आठवण इतकी नाट्यमय नाही. 'गॉडफादर'च्या इतिहासात हे पुढेही वारंवार होत राहते: ज्याला गोष्ट चांगली सांगता येते, त्याची गोष्ट टिकते.

कादंबरी मार्च १९६९ मध्ये आली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ६७ आठवडे राहिली. तरीही पॅरामाउंट उत्साहात नव्हती. माफियावरचा 'द ब्रदरहुड' हा कर्क डग्लसचा चित्रपट कंपनीने १९६८ मध्ये काढला होता आणि तो साफ पडला होता. त्यामुळे नवा चित्रपट स्वस्तात, सुमारे पंचवीस लाख डॉलरमध्ये, कथा सत्तरच्या दशकात आणून आणि न्यूयॉर्कबाहेर चित्रित करून उरकावा असा बेत होता. जुन्या मोटारी नकोत, जुने कपडे नकोत. असे काम अंदाजपत्रकात बसवील असा निर्माता हवा होता. रुडी तिथे चपखल बसला. माँट्रियलमध्ये १९३० साली जन्मलेल्या रुडीने वास्तुरचनेचे शिक्षण घेतले होते, काही काळ रँड कॉर्पोरेशनमध्ये काम केले होते, आणि जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत घडणारी 'होगन्स हीरोज' ही विनोदी मालिका जोडीदारासह टीव्हीला विकून दाखवली होती. चित्रपटांचा अनुभव बेताचा. पण ठरलेल्या पैशांत काम करणारा अशी त्याची ख्याती होती, आणि वरिष्ठांपुढे बोलताना तो डगमगत नसे.

दिग्दर्शक मिळेना. सर्जिओ लिऑने, पीटर बॉग्डानोविच, कोस्टा-गाव्रास, आर्थर पेन अशा अनेकांनी नकार दिला. कोणाला कामे होती, कोणाला गुंडांचे उदात्तीकरण नको होते. आधीचे माफियापट इटालियन माणसांनी केलेले नसल्यामुळे खोटे वाटले, असा निष्कर्ष इव्हान्स आणि बार्ट यांनी काढला आणि बार्टने फ्रान्सिस फोर्ड कपोलाचे नाव सुचवले. कपोला तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याचे 'फिनियन्स रेनबो' आणि 'द रेन पीपल' फारसे चालले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ल्यूकसबरोबर त्याने काढलेली अमेरिकन झोइट्रोप ही संस्था वॉर्नर ब्रदर्सच्या देण्याखाली दबली होती. कादंबरी त्याने पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्यातला भडकपणा पाहून त्याने ती बाजूला ठेवली. ल्यूकसने पैशांची आठवण करून दिली. दुसऱ्यांदा वाचताना कपोलाला तिच्यात राजा आणि त्याचे तीन मुलगे दिसले, आणि सप्टेंबर १९७० मध्ये त्याने काम स्वीकारले.

त्यानंतर त्याने जे केले ते कोणत्याही स्टुडिओच्या हिशेबात बसणारे नव्हते. कादंबरीची पाने फाडून त्याने मोठ्या कागदांवर चिकटवली आणि समासात प्रत्येक प्रसंगाचा गाभा, काळाचे तपशील, दृश्याचा पोत आणि फसण्याच्या जागा लिहून काढल्या. ही जाडजूड वही हीच चित्रपटाची खरी पटकथा होती, असे तो पुढे सांगत राहिला. ती २०१६ मध्ये छापूनही निघाली. या वहीत काळ १९४० च्या दशकाचाच होता. न्यूयॉर्कमध्येच चित्रीकरण हवे, सिसिली हवे, जुने शहर हवे, असे त्याने धरून ठेवले. कादंबरीचा खप वाढत होता आणि त्याबरोबर कपोलाचा आवाजही. शेवटी चित्रपटावर साठ लाख डॉलरहून अधिक खर्च झाला.

सर्वांत मोठी भांडणे नटांवरून झाली. डॉन व्हिटो कॉर्लिओनेसाठी पुझोला आणि कपोलाला मार्लन ब्रँडो हवा होता. ब्रँडो तेव्हा ४६ वर्षांचा, सलग पडलेल्या चित्रपटांचा आणि सेटवरच्या लहरीपणाचा धनी होता. त्याचे नावसुद्धा काढायचे नाही, असे पॅरामाउंटचा अध्यक्ष स्टॅन्ली जॅफीने बजावले. कपोला हटेना तेव्हा तीन अटी पुढे आल्या: मानधन जवळपास नाही, विलंब झाल्यास नुकसानभरपाईची हमी, आणि स्क्रीन टेस्ट. ऑस्कर मिळवलेल्या नटाला टेस्ट द्यायला सांगणे म्हणजे अपमान, म्हणून कपोला छोटा कॅमेरा घेऊन त्याच्या घरी गेला आणि रंगभूषेची चाचणी घेतो आहोत असे भासवले. ब्रँडोने सोनेरी केसांना बुटाचे पॉलिश लावले, गालांत कागदी रुमाल कोंबले आणि आवाज खाली आणला. ती फीत पाहून ब्लूडॉर्न आधी चिडला आणि मग गप्प झाला. प्रत्यक्ष चित्रपटात रुमालांची जागा दंतवैद्याने बनवलेल्या साच्याने घेतली आणि वार्धक्य डिक स्मिथच्या रंगभूषेने आणले.

डॉनचा मुलगा मायकेल याच्या भूमिकेसाठी स्टुडिओच्या डोळ्यांसमोर रॉबर्ट रेडफर्ड किंवा रायन ओ'नील होते. कपोलाला अल पचिनो हवा होता: बुटका, अनोळखी, रंगभूमीवरचा, संवाद विसरणारा. त्याच्या टेस्टवर टेस्ट झाल्या आणि प्रत्येक वेळी इव्हान्सची नाराजी कायम राहिली. मधल्या काळात जेम्स कान मायकेल आणि कार्माइन कॅरिडी हा उंच नट थोरला भाऊ सनी, असेही ठरले होते. अखेर पचिनो घ्यायचा असेल तर सनी म्हणून कानच हवा, असा सौदा इव्हान्सने केला. कॅरिडीची भूमिका गेली. तोवर पचिनोने एमजीएमच्या दुसऱ्या चित्रपटाचा करार केला होता. इव्हान्सने सिडनी कोर्शॅक या वजनदार वकिलाला फोन केला, कोर्शॅकने एमजीएमचा मालक कर्क कर्कोरियनला, आणि पचिनो मोकळा झाला. एमजीएमच्या त्या चित्रपटात त्याची जागा रॉबर्ट डी निरो नावाच्या नवख्या नटाने घेतली.

इथवरच्या प्रकरणांत नायक कपोला किंवा इव्हान्स असतो. पुढच्या प्रकरणात मात्र रुडीवाचून पान हलत नाही, आणि मालिकेने आपला मुक्काम तिथेच ठोकला यात नवल नाही. एप्रिल १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पाच माफिया कुटुंबांपैकी एकाचा प्रमुख जोसेफ कोलंबो याने इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग ही संघटना उभी केली. निमित्त होते त्याच्या मुलाच्या अटकेचे: नाणी वितळवून चांदी विकल्याचा त्याच्यावर आरोप होता. कोलंबोने एफबीआयच्या न्यूयॉर्क कार्यालयापुढे निदर्शने सुरू केली. माफिया असे काही अस्तित्वातच नाही, हा सरकारने इटालियन लोकांवर लावलेला डाग आहे, हे त्याचे म्हणणे. हे म्हणणे मांडणारा माणूस कोण होता हे सर्वांना ठाऊक होते, आणि तरीही ते चालले. सिनेमा आणि वर्तमानपत्रांनी प्रत्येक इटालियन आडनावामागे पिस्तूल पाहायची सवय लावली होती, याचा राग सामान्य इटालियन कुटुंबांत खराच होता. २९ जून १९७० रोजी कोलंबस सर्कलच्या सभेला हजारोंची गर्दी झाली. त्याच उन्हाळ्यात ॲटर्नी जनरल जॉन मिशेल यांनी आपल्या खात्याला 'माफिया' हा शब्द वापरू नये असे कळवले. नोव्हेंबरमध्ये संघटनेच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात फ्रँक सिनात्रा गायला. कादंबरीतला जॉनी फाँटेन हा गायक आपल्यावरूनच बेतला आहे, असे वाटून सिनात्रा पुझोवर आधीच खवळलेला होता. हॉलिवूडमधल्या चेसन्स या रेस्टॉरंटात त्याने पुझोला भर लोकांत फैलावर घेतल्याचे पुझोनेच लिहून ठेवले आहे.

लीगचे लक्ष आता चित्रपटाकडे वळले. गल्फ अँड वेस्टर्नच्या इमारतीत बाँब ठेवल्याचे निनावी फोन येऊन ती दोनदा रिकामी करावी लागली. इव्हान्सला धमक्या आल्या. रुडीचा पाठलाग होऊ लागला, तेव्हा तो सहकाऱ्यांशी मोटारी बदलून फिरू लागला. एका रात्री त्याची सहायक बेटी मकार्ट हिच्या घराबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीच्या काचा गोळ्या झाडून फोडण्यात आल्या आणि चित्रपट बंद करा अशी चिठ्ठी आत सापडली. कॉर्लिओने कुटुंबाचा वाडा म्हणून लाँग आयलंडवरच्या मॅनहॅसेटमध्ये ठरवलेली जागाही हातची गेली. न्यूयॉर्कमध्ये ट्रक, माल आणि गोदी यांच्या कामगार संघटनांवर कोणाचे वजन होते ते लक्षात घेतले, तर लीगच्या विरोधात चित्रीकरण अशक्यच होते.

फेब्रुवारी १९७१ च्या सुमारास रुडी कोलंबोला भेटायला गेला. लीगची माणसे पार्क शेरेटन हॉटेलात जमली होती. याच हॉटेलाच्या केशकर्तनालयात १९५७ मध्ये आल्बर्ट अनास्ताझिया या गुंडाचा खून झाला होता. पटकथा वाचायला देतो, असे रुडीने सांगितले. पुढची हकिगत त्याचीच आहे: कोलंबोने १५५ पानांचे ते बाड उघडले, पहिल्याच ओळीतल्या तांत्रिक सूचनेशी अडखळला, कंटाळला, आणि बाड एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन शेवटी कोणीच वाचले नाही. या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न उरला आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले. सौदा असा ठरला की पटकथेतून 'माफिया' हा शब्द काढायचा आणि पहिल्या खेळाचे उत्पन्न लीगला द्यायचे. शब्द मुळात पटकथेत एकदाच आला होता. रुडीला हा सौदा फुकटात पडला.

फुकटात पडला तो तेवढ्यापुरताच. लीगच्या पत्रकार परिषदेत रुडी कोलंबोच्या माणसांमध्ये बसलेला दिसला आणि २० मार्च १९७१ रोजी ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली. गल्फ अँड वेस्टर्नचा शेअर घसरला. ब्लूडॉर्नने रुडीला कामावरून काढले. त्या वेळी कपोला फिफ्थ ॲव्हेन्यूवर चित्रीकरण करत होता. चित्रपट पूर्ण करायचा असेल तर रुडीच हवा, असे त्याने सांगितले आणि रुडी परत आला. लीगला उत्पन्न देण्याचे आश्वासन पॅरामाउंटने पुढे नामंजूर केले. मात्र त्यानंतर दारे उघडली. जागा मिळाल्या, संघटनांच्या कुरबुरी थांबल्या, आणि इटालियन वस्त्यांतले अनेक चेहरे पडद्यावर आले. लेनी मोंटाना हा माजी कुस्तीगीर त्यांच्यातलाच. ब्रँडोसमोर उभे राहताना त्याची बोबडी वळली, संवाद चुकले. कपोलाने ते तसेच ठेवले आणि मोंटानाचा लुका ब्राझी डॉनला भेटण्याआधी पाठांतर करतो असा प्रसंग त्याला जोडला. 'माफिया' शब्द वगळल्याने चित्रपटाचे नुकसान न होता भलेच झाले. पडद्यावरची माणसे स्वतःला कुटुंब आणि व्यवसाय याच शब्दांत ओळखतात, आणि प्रेक्षकही त्याच शब्दांत त्यांच्यात गुंततो.

मार्चअखेरीस नियमित चित्रीकरण सुरू झाले. पहिले आठवडे वाईट गेले. छायालेखक गॉर्डन विलिस दिवे डोक्यावर टांगून प्रकाश वरून पाडत असे. त्यामुळे डॉनचे डोळे सावलीत बुडत आणि दिवाणखाना काळोखा राहत असे. रोजची रिळे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना काहीच दिसत नाही असे वाटले. शिस्तीचा विलिस आणि ऐनवेळी बेत बदलणारा कपोला यांची सेटवर खडाजंगी होई. पचिनो सुरुवातीच्या प्रसंगांत इतका निर्विकार दिसत होता की त्याला काढण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. खर्चावर नजर ठेवायला स्टुडिओने जॅक बॅलर्डला पाठवले. दृश्ये जुळणारच नाहीत असे संकलक एरम अवाकियन वर कळवत असल्याचा कपोलाला संशय आला, आणि कपोलाच्याच जागी दिग्दर्शक एलिया कझान येणार अशी कुजबुज सुरू झाली. दिग्दर्शकाला काढायचे तर शनिवार-रविवारी काढतात, हे हेरून कपोलाने आठवड्याच्या मध्येच अवाकियनसह आपल्याविरुद्ध असलेल्या माणसांना काढून टाकले. कपोला गेला तर मीही जाईन, असे ब्रँडोने सांगितल्याचे कपोला म्हणतो. चित्रीकरण चालू असतानाच, एप्रिल १९७१ मध्ये, 'पॅटन'च्या पटकथेचे ऑस्कर त्याला मिळाले आणि त्याला हात लावणे कठीण झाले.

पचिनोला मात्र एका प्रसंगाने वाचवले. मायकेल ब्राँक्समधल्या रेस्टॉरंटात प्रतिस्पर्धी सोलोझो आणि पोलीस कॅप्टन मक्लस्की यांना गोळ्या घालतो, तो प्रसंग कपोलाने वेळापत्रकात अलीकडे ओढला. ती रिळे पाहिल्यावर त्याला काढण्याची भाषा थांबली. गाडीवर उडी घेताना पचिनोचा घोटा मुरगळला होता. निदान आता तरी सुटका होईल, असे त्याला वाटले होते. अशाच अनपेक्षित गोष्टींनी चित्रपट भरलेला आहे. पहिल्या प्रसंगात ब्रँडोच्या मांडीवर असलेले मांजर स्टुडिओत हिंडताना कपोलाला सापडले. कथेतल्या निर्मात्याच्या बिछान्यातले घोड्याचे मुंडके खरे होते आणि ते कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या न्यू जर्सीतल्या कारखान्यातून आणले होते. बाप्तिस्म्याच्या प्रसंगातले तान्हे बाळ म्हणजे कपोलाची त्याच मे महिन्यात जन्मलेली मुलगी सोफिया. आणि बागेतला बापलेकांचा संवाद, ज्यावाचून चित्रपटाचे मन उघडच झाले नसते, तो श्रेयनामावलीत नाव नसलेल्या रॉबर्ट टाउनने लिहून दिला.

२८ जून १९७१ रोजी कोलंबस सर्कलच्या दुसऱ्या सभेत जेरोम जॉन्सन नावाच्या माणसाने कोलंबोवर गोळ्या झाडल्या. जॉन्सन तिथल्या तिथे मारला गेला. कोलंबो अपंगावस्थेत सात वर्षे जगला आणि १९७८ मध्ये वारला. त्याचा प्रतिस्पर्धी जो गॅलो, ज्याच्यावर या हल्ल्याचा संशय घेतला गेला, चित्रपट लागल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच, एप्रिल १९७२ मध्ये, लिटल इटलीतल्या रेस्टॉरंटात मारला गेला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कोलंबोवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा सिनेमाचे युनिट त्याच शहरात बनावट रक्ताच्या पिशव्या फोडत होते. हा योगायोग 'द ऑफर'ने पुरेपूर वापरला आहे.

सिसिलीतले चित्रीकरण सावोका आणि फोर्झा दाग्रो या डोंगरगावांत झाले, कारण खरे कॉर्लिओने गाव एव्हाना फारच आधुनिक दिसू लागले होते. संकलनात लांबीवरून पुन्हा वाद पेटला. कपोलाने चित्रपट सव्वादोन तासांच्या आसपास आणला होता, तो आपण पुन्हा लांबवायला लावला असे इव्हान्स सांगतो. लांबी तर मलाच हवी होती, असे कपोला म्हणतो. निनो रोटाचे संगीत इव्हान्सला पसंत नव्हते. कपोलाने तेही टिकवले. नाताळचा मुहूर्त टळला. १४ मार्च १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या लोज स्टेट थिएटरात, बाहेर बर्फ पडत असताना, पहिला खेळ झाला. इव्हान्सच्या आग्रहाखातर हेन्री किसिंजर आले. ब्रँडो आला नाही. १७५ मिनिटांच्या या चित्रपटाने 'गॉन विथ द विंड'चा उत्पन्नाचा विक्रम मोडला. २७ मार्च १९७३ च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता आणि रूपांतरित पटकथा अशी तीन पारितोषिके त्याला मिळाली. ब्रँडोने आपले पारितोषिक सशीन लिटलफेदर हिच्या तोंडून नाकारले. दिग्दर्शनाचे ऑस्कर 'कॅबरे'च्या बॉब फॉसीकडे गेले. विलिसला नामांकनही नव्हते, आणि रोटाचे नामांकन त्यातील एक धून त्याने 'फोर्चुनेला' या जुन्या चित्रपटात वापरली होती म्हणून मागे घेण्यात आले.

या सर्व सामग्रीतून 'द ऑफर'ने जी मालिका रचली, तिच्यात रुडीचे काम माइल्स टेलरने केले. या भूमिकेसाठी आधी निवडलेला आर्मी हॅमर वादात सापडून बाहेर पडला होता. इव्हान्सच्या भूमिकेतला मॅथ्यू गुड मालिकेचा खरा मानकरी ठरला. त्याचा घोगरा, आळसावलेला आवाज आणि गॉगलमागची धास्ती दोन्ही खरी वाटतात. जोव्हानी रिबिसीचा कोलंबो, बर्न गॉर्मनचा ब्लूडॉर्न, डॅन फोगलरचा कपोला आणि पॅट्रिक गॅलोचा पुझो ही पात्रेही लक्षात राहतात. ज्युनो टेंपलने साकारलेल्या बेटी मकार्टला मालिकेने मूळ हकिगतींत कधी न मिळालेले स्थान दिले आहे. पाणउतारा करणारा हिशेबनीस बॅरी लॅपिडस मात्र कल्पित आहे. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचा विरोध एकाच माणसात ओतून त्याला खलनायक केल्याने बोर्डरूममधली भांडणे सोपी झाली, पण खरीही राहिली नाहीत. जॅफी, बॅलर्ड आणि ब्लूडॉर्न यांचे आक्षेप हिशेबी होते आणि त्या वेळच्या ताळेबंदाकडे पाहता अगदीच चुकीचे नव्हते.

समीक्षकांनी मालिकेचे स्वागत संमिश्र केले. मोठी तक्रार ही की प्रत्येक पेचाची किल्ली रुडीच्याच खिशात सापडते. कपोला आणि पुझो पटकथा लिहिताना स्वयंपाकघरात भांडतात, जेवतात, हसतात. विनोद चांगले आहेत. पण वहीतले समास, विलिसचा काळोख, संकलनाच्या टेबलावरची झुंज हे सगळे ओझरते येते. निर्मात्याच्या खुर्चीतून ते तितकेच दिसते. उलट कोलंबोबरोबरची मैत्री इतकी जवळची होते की एका खुनशी टोळीप्रमुखाविषयी मालिका हळवी होऊ लागते. 'गॉडफादर'वर गुंडांना देवत्व दिल्याचा जो आरोप १९७२ पासून होत आला आहे, तो त्याच्या निर्मितीच्या मालिकेलाही लागू पडावा हे गमतीचेच.

चित्रपटाची सावली भारतातही लगेच पडली. फिरोज खानने १९७५ मध्ये 'धर्मात्मा' काढून कॉर्लिओने कुटुंबाला हिंदीत आणले, आणि २००५ मध्ये राम गोपाल वर्माने 'सरकार'मध्ये तीच गोष्ट मुंबईतल्या सुभाष नागरे या मराठी घरात नेऊन बसवली. वर्माने 'गॉडफादर'चे ऋण उघडपणे मान्य केले होते.

रुडीने 'गॉडफादर'चा दुसरा भाग केला नाही. तो 'द लाँगेस्ट यार्ड'कडे (१९७४) वळला; दुसऱ्या भागाची निर्मिती कपोलाने स्वतःच्या हाती घेतली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे दुसरे ऑस्कर रुडीला २००४ च्या 'मिलियन डॉलर बेबी'साठी मिळाले. इव्हान्स मालिका येण्याआधीच, २०१९ मध्ये वारला. रुडी २५ मे २०२४ रोजी, ९४ व्या वर्षी गेला. कपोला आणि इव्हान्स यांच्या बाजूने हीच गोष्ट सांगणारा 'फ्रान्सिस अँड द गॉडफादर' हा बॅरी लेव्हिन्सनचा चित्रपट २०२० मध्ये जाहीर झाला होता. त्यात कपोलाच्या भूमिकेसाठी ऑस्कर आयझॅक आणि इव्हान्सच्या भूमिकेसाठी जेक जिलेनहाल यांची नावे ठरली होती.